सराव चाचण्या देऊन सर्टिफिकेशन परीक्षेची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लाउड, सायबर सुरक्षा, नेटवर्किंग, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, वित्त यांपैकी कुठलीही परीक्षा असो, तयारी करणाऱ्यांच्या शंका बऱ्याचशा सारख्याच असतात. त्यांतल्या नेहमी येणाऱ्या शंकांची उत्तरं इथे आहेत. परीक्षांचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या संस्थेच्या अधिकृत पानावर एकदा नजर टाकाच.

सराव चाचण्या अभ्यास संपल्यावर द्यायच्या ना?

नाही. नोकरी करून अभ्यास करणाऱ्याचा अभ्यास ‘संपला’ असा दिवस उजाडतच नाही. चाचण्या जपून ठेवणारे लोक शेवटी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्या घाईघाईने उरकतात, आणि तोवर कच्चे धागे सापडले तरी दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो.

पुस्तक उघडण्याआधीच वीस-पंचवीस प्रश्नांची एक चाचणी देऊन टाका. निम्म्याहून जास्त चुकतील, चुकू द्या. कॉर्नेल, हेज आणि बियॉर्क या संशोधकांनी 2009 साली दाखवून दिलं की उत्तर माहीत नसताना आधी प्रयत्न केला आणि लगेच बरोबर उत्तर पाहिलं, तर ते नुसतं वाचण्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. अट एकच: बरोबर उत्तर पाहायचं. प्रयत्न करून चाचणी तशीच बंद केली तर काही उपयोग नाही.

त्यानंतर प्रत्येक प्रकरण झालं की त्या विषयापुरते प्रश्न सोडवा. पूर्ण लांबीच्या चाचण्या मात्र थोड्या राखून ठेवा.

पण पुस्तक दोनदा नीट वाचलं तर तेवढाच फायदा होत नाही का?

वाचताना तसं वाटतं खरं. रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 सालचा प्रयोग याबाबत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं: वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. गंमत अशी की पुन्हा वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं अशी आपली समजूत होते.

डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. सर्वांत उपयोगी म्हणून त्यांनी दोनच निवडल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास थोडा थोडा, अंतर ठेवून करणं. रंगीत पेनाने ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या.

एकूण किती चाचण्या द्याव्यात?

याला जादूचा आकडा नाही. मी तीन ते पाच पूर्ण लांबीच्या चाचण्या आणि त्याआधी भरपूर विषयवार प्रश्न असं सुचवेन. त्याहून जास्त देणाऱ्यांपैकी बरेच जण चुका न तपासता पुढची चाचणी सुरू करतात. दोन तासांची चाचणी दिली असेल तर तिची उजळणी करायला तीन तास जातील असं धरून चाला. एवढा वेळ नसेल तर चाचण्या कमी करा, उजळणी कमी करू नका.

किती टक्के पडले की परीक्षेची तारीख घ्यावी?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि ‘ऐंशी टक्के’ हे ठरीव उत्तर सगळीकडे फिरत असतं. उत्तर अगदीच चूक नाही, पण ते कशावर टिकून आहे हे कळलं तर त्याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट, अंदाजाने मिळालेले गुण. समजा शंभर प्रश्नांपैकी साठ तुम्हाला खरंच येतात. उरलेल्या चाळीसवर डोळे मिटून खुणा केल्या तरी चार पर्यायांत साधारण दहा बरोबर निघतात. कागदावर सत्तर टक्के दिसतात, तयारी साठचीच असते.

दुसरी गोष्ट, योगायोग. 65 प्रश्नांच्या चाचणीत 72 टक्क्यांची तयारी असलेल्या माणसाला आज 67 आणि परवा 77 पडणं अगदी साहजिक आहे, कारण एवढ्या लहान चाचणीत गुण पाच-सहा टक्के इकडेतिकडे आपोआप हलतात. म्हणून एका चाचणीत गुण वाढले म्हणून हुरळून जाऊ नका, घटले म्हणून तारीखही पुढे ढकलू नका. शेवटच्या दोन-तीन नव्या चाचण्यांची सरासरी बघा.

तिसरी गोष्ट, उत्तीर्ण होण्याचा आकडा बहुधा टक्के नसतो. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेत 100 ते 1000 या मोजपट्टीवर 720 लागतात, कॉम्पटिया संस्थेच्या सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या परीक्षेला 100 ते 900 मध्ये 750. हे स्केल्ड गुण आहेत. वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी सारखी नसते, तो फरक भरून काढण्यासाठी मूळ गुण या पट्टीवर बसवले जातात. तेव्हा ‘720 म्हणजे 72 टक्के’ हा हिशेब चुकीचा. शिवाय त्या एडब्ल्यूएस परीक्षेतल्या 65 प्रश्नांपैकी 15 गुणांत धरलेच जात नाहीत. ते पुढच्या परीक्षांसाठी अजमावून पाहिले जात असतात, आणि ते कुठले हे उमेदवाराला कळत नाही.

एवढं सगळं लक्षात घेऊन: आधी न पाहिलेल्या प्रश्नांवर, घड्याळ लावून, सरासरी ऐंशीच्या आसपास असेल आणि एकही विषय साठच्या खाली नसेल तर तारीख घ्या. यातली दुसरी अट लोक विसरतात. सरासरी ऐंशी आणि त्यात एखादा मोठा विषय पंचेचाळीसवर असेल, तर खऱ्या परीक्षेत त्याच विषयाचे प्रश्न जास्त आले की गणित कोलमडतं.

चुकलेल्या प्रश्नांचं नेमकं काय करायचं?

खरी तयारी इथे होते, आणि बहुतेकांचा कंटाळाही इथेच सुरू होतो.

चाचणी देतानाच प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करा: खात्री आहे, अर्धवट आहे, की नुसता अंदाज. चाचणी संपल्यावर नुसत्या चुकलेल्या प्रश्नांकडे बघू नका, अंदाजाने बरोबर आलेल्यांकडेही बघा. ते गुण तुमचे नाहीत.

मग प्रत्येक चुकीचं कारण एका वहीत लिहा. ‘लक्ष नव्हतं’ हे कारण चालणार नाही, ते सगळ्यांना सोयीचं असतं. माहितीच नव्हती? माहिती होती पण दोन सारख्या संकल्पनांची गल्लत झाली? प्रश्नातली अट वाचायची राहिली? की दोन पर्यायांवर येऊन अडकलात आणि चुकीचा निवडलात? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. माहिती नसेल तर मूळ पुस्तकातलं ते प्रकरण. गल्लत असेल तर त्या दोन संकल्पना शेजारी-शेजारी लिहून फरक एका वाक्यात मांडा. अट सुटत असेल तर आणखी वाचून काही होणार नाही, प्रश्न वाचण्याची सवय बदलावी लागेल. दोन पर्यायांवर अडकणं मात्र जरा किचकट आहे. तिथे उरलेले तीनही पर्याय का चुकीचे हे स्वतःच्या शब्दांत लिहून बघा, आणि तो चुकीचा पर्याय कुठल्या परिस्थितीत बरोबर ठरला असता हेही लिहा. या शेवटच्या वाक्यासाठी जी झटापट होते ती दहा नवे प्रश्न सोडवण्याहून जास्त शिकवते.

खात्री होती आणि तरी चुकलं, असे प्रश्न सर्वांत आधी घ्या. बटरफिल्ड आणि मेटकाफ यांना 2001 मध्ये असं आढळलं की ठाम विश्वासाने केलेली चूक दाखवून दिली तर ती उलट जास्त सहज दुरुस्त होते, बहुधा धक्का बसल्याने लक्ष वेधलं जातं म्हणून. दाखवून दिली नाही तर मात्र तीच चूक परीक्षेतही पूर्ण आत्मविश्वासाने होईल.

ही वही आठवड्यातून एकदा चाळा. चाळा म्हणजे वाचा नव्हे: उत्तर झाका, कारण आठवा, मग बघा.

एकच चाचणी पुन्हा दिली तर 95 टक्के पडले. मी तयार आहे का?

यावरून काहीच सांगता येत नाही. दुसऱ्या वेळी प्रश्नातले पहिले तीन शब्द वाचूनच हात ‘क’ पर्यायाकडे जातो. पुन्हा दिलेल्या चाचणीचा उपयोग आहे, पण मोजमापासाठी नाही, आणि दोन वेळांत तीन-चार आठवड्यांचं अंतर हवं. प्रत्येक उत्तर निवडण्याआधी कारण मोठ्याने सांगता आलं तरच तो प्रश्न आला असं माना.

इंटरनेटवर ‘खऱ्या परीक्षेतले प्रश्न’ मिळतात. घ्यावेत का?

यांना डम्प म्हणतात आणि उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असंच आहे. परीक्षेला बसताना तुम्ही प्रश्न गुप्त ठेवण्याच्या करारावर सही केलेली असते. चोरलेले प्रश्न वापरल्याचं सिद्ध झालं तर निकाल रद्द होतो, मिळालेलं सर्टिफिकेट काढून घेतलं जातं, पुढे परीक्षेला बसण्यावर बंदी येऊ शकते. संस्था उत्तरांचा आणि प्रत्येक प्रश्नाला लागलेल्या वेळेचाही अभ्यास करतात. अवघड प्रश्न सहा सेकंदांत बरोबर आणि सोप्यावर दोन मिनिटं, असा नमुना डोळ्यांत भरतो.

नीतिमत्ता बाजूला ठेवली तरी डम्पमधली उत्तरं कुणीतरी आठवून किंवा अंदाजाने लिहिलेली असतात आणि त्यांतली बरीच चुकीची असतात. ‘हमखास पास’ अशी जाहिरात, कुठेही स्पष्टीकरण नाही, प्रश्नांत जशाच्या तशा राहिलेल्या टायपिंगच्या चुका, या खुणा दिसल्या की दूर राहा. आणि मुलाखतीत पहिल्याच खोल प्रश्नावर पितळ उघडं पडतं ते वेगळंच.

मग चांगला प्रश्नसंच कसा ओळखायचा?

आधी अधिकृत साहित्य संपवा. एडब्ल्यूएस आपल्या स्किल बिल्डर संकेतस्थळावर वीस प्रश्नांचे अधिकृत संच मोफत देते, मायक्रोसॉफ्ट लर्नवर सराव चाचण्या मोफत आहेत. संख्या कमी असते, पण प्रश्न कसे विचारले जातात ते इथेच खरं कळतं.

विकतचा संच घेताना प्रश्नसंख्या बघू नका. पाच-सहा प्रश्नांची स्पष्टीकरणं वाचून बघा. बरोबर पर्याय का बरोबर आणि बाकीचे का नाहीत हे दोन्ही लिहिलं असेल, अधिकृत दस्तऐवजाचा दुवा असेल आणि संच सध्याच्या अभ्यासक्रमानुसार असेल तर घ्या. परीक्षेच्या सांकेतिक क्रमांकाची आवृत्ती जुळते का तेही बघा, कारण अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो आणि जुने संच तसेच विकले जात राहतात.

चॅटबॉटकडून प्रश्न बनवून घेतले तर?

समजावून घेण्यासाठी उत्तम, मोजमापासाठी बेभरवशाचं. असे प्रश्न बरेचदा फार सोपे निघतात, बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांबलचक असतो, आणि कधी उत्तरसूचीच चुकलेली असते, तीही पूर्ण आत्मविश्वासाने. ‘माझ्या या दोन संकल्पनांची गल्लत होते, फरक पडेल अशा पाच परिस्थिती दे’ असं मागा आणि उत्तरं अधिकृत दस्तऐवजात पडताळा.

वेळ पुरत नाही. काय करू?

आधी हिशेब करा. एडब्ल्यूएसच्या त्या परीक्षेत 65 प्रश्नांना 130 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटं. सिक्युरिटी प्लसमध्ये जास्तीत जास्त 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. त्यात सुरुवातीलाच बहुधा काम करून दाखवायचे प्रश्न येतात आणि त्यांच्यात दहा-पंधरा मिनिटं कधी गेली ते कळत नाही. ते खूण करून सोडा, बाकीचे उरका, मग परत या.

प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघू नका. चार टप्पे ठरवा आणि फक्त त्या टप्प्यांवर बघा. लांब परिस्थिती दिली असेल तर शेवटचं वाक्य आधी वाचा: काय विचारलंय ते कळलं की वरच्या परिच्छेदातला निम्मा तपशील बिनकामाचा आहे हे लगेच दिसतं.

पहिलं उत्तर बदलू नये म्हणतात. खरं आहे?

ही समजूत चिवट आहे. क्रूगर, वर्ट्झ आणि मिलर यांनी 2005 मध्ये दीड हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खोडाखोडी तपासल्या. चुकीचं उत्तर बदलून बरोबर केल्याची उदाहरणं बरोबरचं चुकीचं केल्याच्या साधारण दुप्पट निघाली. बरोबर होतं ते बदललं याची हळहळ मनात घर करून राहते, म्हणून तेवढंच आठवतं. कारण सापडलं असेल तर बदला. नुसती धाकधूक म्हणून बदलू नका. स्वतःचा कल कुठे आहे हे सराव चाचण्यांत मोजता येतं: बदललेल्या उत्तरांची नोंद ठेवा.

सायबर सुरक्षेच्या सीआयएसएसपीसारख्या परीक्षेत मात्र हा प्रश्नच येत नाही. ती उमेदवाराच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडते, तीन तासांत 100 ते 150 प्रश्न विचारते आणि मागे जाऊ देत नाही. तुमच्या पातळीच्या आसपासचेच प्रश्न सतत येत असल्याने उत्तीर्ण होणाऱ्यालाही आपण बुडालो असंच वाटतं. अशा परीक्षेसाठी सरावातही मागे जाण्याची सोय बंद ठेवा.

परीक्षा इंग्रजीत आहे आणि वाचायला मला वेळ लागतो.

नियमांत सोय आहे का ते आधी बघा. एडब्ल्यूएस इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना 30 मिनिटं जादा देते, पण ती मागणी परीक्षेची वेळ ठरवण्याआधी नोंदवावी लागते. नंतर जाग येऊन उपयोग नाही.

सरावात ‘मोस्ट’, ‘लीस्ट’, ‘फर्स्ट’, ‘नॉट’, ‘एक्सेप्ट’ या शब्दांवर थांबायची सवय लावा. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पीएमपीसारख्या परीक्षेत चारही पर्याय करण्याजोगे असतात, विचारलेलं असतं ते ‘आधी काय कराल’. संकल्पना मराठीत समजून घ्यायला हरकत नाही, उलट पक्की होते, पण प्रश्न मनातल्या मनात भाषांतर करून सोडवू नका. तिथेच मिनिटं जातात.

परीक्षा प्रात्यक्षिक स्वरूपाची असेल तर सराव चाचण्यांचा उपयोग काय?

बहुपर्यायी चाचण्यांचा जवळजवळ नाही. कुबरनेटीस या सर्व्हरवरची ॲप्लिकेशन्स सांभाळणाऱ्या प्रणालीच्या सीकेए परीक्षेत दोन तास टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, कामं करून दाखवावी लागतात आणि 66 टक्के लागतात. तिच्या शुल्कातच सिम्युलेटरची, म्हणजे परीक्षेसारख्याच सराव-यंत्रणेची, दोन सत्रं मिळतात. सिम्युलेटर मुद्दाम अवघड ठेवलेला आहे, तिथे अपुरे गुण पडले म्हणून घाबरू नका. पहिलं सत्र परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधी वापरा, आदल्या रात्री नव्हे.

घरून ऑनलाइन परीक्षा देणार आहे. सराव वेगळा हवा का?

थोडासा. निरीक्षक कॅमेऱ्यातून बघत असतो. पुटपुटत वाचणं, पडद्यावरून नजर वारंवार हलवणं, उठून जाणं चालत नाही, आणि साध्या कागद-पेनालाही बहुधा परवानगी नसते, पडद्यावरच्या पाटीवर लिहावं लागतं. शेवटच्या दोन चाचण्या याच बंधनांत द्या. कच्चं काम माउसने करून बघितलं की आकडेमोड किती मंदावते ते कळेल. आणि संगणकाची तांत्रिक तपासणी त्याच इंटरनेट जोडणीवर, दिवसाच्या त्याच वेळी करून ठेवा.

शेवटच्या आठवड्यात काय करावं?

शेवटची पूर्ण चाचणी तीन-चार दिवस आधी, शक्यतो परीक्षेच्याच वेळेला. त्यानंतर फक्त चुकांची वही. आदल्या दिवशी नवी चाचणी देऊ नका: चांगले गुण पडले तर काही नवं कळत नाही, कमी पडले तर झोप जाते.

सरावात चांगले गुण होते, तरी नापास झालो. आता?

निकालपत्रात विषयवार कामगिरी असते, ती आधी उतरवून घ्या. मग त्याच संध्याकाळी, विसरायच्या आत, कुठल्या प्रकारच्या प्रश्नांवर अडलात ते लिहा. प्रश्न लिहू नका, तो करारभंग होईल. विषय आणि अडचण एवढंच. सरावातल्या विषयवार गुणांशी ते ताडून बघा. सगळेच विषय सारखे घसरले असतील तर वेळ किंवा वाचन नडलं असण्याची शक्यता जास्त. एक-दोनच घसरले असतील तर तुमचा प्रश्नसंच त्या विषयांत उथळ होता, तो बदला.

पुन्हा बसण्याचे नियम वेगवेगळे आहेत. एडब्ल्यूएसला 14 दिवस थांबावं लागतं. मायक्रोसॉफ्टला पहिल्या वेळेनंतर 24 तास आणि त्यापुढे 14 दिवस. कॉम्पटियाला दुसऱ्या प्रयत्नाआधी थांबावं लागत नाही, तिसऱ्याआधी 14 दिवस. सीआयएसएसपीला पहिल्या प्रयत्नानंतर 30 दिवस, दुसऱ्यानंतर 60, तिसऱ्यानंतर 90. परवानगी आहे म्हणून दुसऱ्याच दिवशी बसायला जाऊ नका. थोडक्यात हुकलेल्याला दोन-तीन आठवडे पुरतात, बरंच मागे राहिलेल्याने पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा धरावा, आणि दोघांनीही आधी न पाहिलेला एक प्रश्नसंच हाताशी ठेवूनच नवी तारीख घ्यावी.